‘मूक’, ‘शापित’, ‘प्रेरणादायी’: कर्णबधिरांच्या बातम्या कुठे चुकतात

‘मूकबधिर तरुणाची गगनभरारी.’ ‘नियतीच्या क्रूर थट्टेवर मात.’ ‘हातवाऱ्यांतून साकारलं गीत.’ या धाटणीची शीर्षकं आपण सगळ्यांनीच वाचली आहेत. ती लिहिणाऱ्याच्या मनात आकस नसतो, बहुतेक वेळा कौतुकच असतं. तरीही कर्णबधिर वाचकाला त्यात टोचणारं बरंच काही असतं. त्यावर कुणी बोललं की चर्चा लगेच ‘हल्ली लोकांच्या भावना फार लवकर दुखावतात’ या वाटेला लागते.

मला भावनांच्या आधी माहितीबद्दल बोलायचं आहे. कर्णबधिर माणसं आणि सांकेतिक भाषा यांच्याविषयी माध्यमं जे शब्द सर्रास वापरतात, त्यातले बरेचसे वस्तुस्थितीला धरून नाहीत. बातमीत आकडा चुकला तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली जाते. इथे मात्र तीच चूक वर्षानुवर्षं छापली जाते, कारण ती चूक आहे हे न्यूजरूममध्ये सहसा कुणाला ठाऊकच नसतं.

‘मूक’ कोण?

मूल बोलायला शिकतं ते आजूबाजूचं बोलणं ऐकून. जे मूल ऐकू शकत नाही त्याच्या कानापर्यंत शब्द पोचत नाहीत, म्हणून ते आपसूक बोलू लागत नाही. त्याचं स्वरयंत्र, जीभ, ओठ, फुप्फुसं सहसा ठणठणीत असतात. कर्णबधिर माणसं हसतात, ओरडतात, रडतात. अनेकजण वाचाउपचार घेऊन बोलतात. वयाच्या विसाव्या किंवा चाळिसाव्या वर्षी ऐकू येईनासं झालेली माणसं तर पूर्वीसारखीच बोलत राहतात. काहीजण बोलता येत असूनही आवाज वापरत नाहीत. आपला आवाज कसा उमटतो हे त्यांना स्वतःला ऐकू येत नाही, आणि लोकांच्या हसण्याचा अनुभव गाठीशी असतो.

जे आवाज अजिबात वापरत नाहीत, त्यांनाही मूक म्हणता येत नाही. ते दिवसभर बोलतात, भांडतात, विनोद सांगतात, मुलांना रागावतात, फक्त हातांनी आणि चेहऱ्याने. ‘मूकबधिर’ या जोडशब्दातला पहिला अर्धा भाग म्हणजे निव्वळ चुकीची माहिती. एखाद्या संस्थेच्या अधिकृत नावात तो असेल तर नाव आहे तसंच छापावं लागेल. बातमीदाराच्या स्वतःच्या वाक्यात तो येण्याचं काही कारण नाही.

मग कोणता शब्द वापरायचा? जागतिक कर्णबधिर महासंघ १९५१ साली रोममध्ये स्थापन झाला. या संघटनेने १९९१मध्ये ठरवलं की इंग्रजीत स्वतःसाठी ‘डेफ’ आणि ‘हार्ड ऑफ हिअरिंग’ हे शब्द वापरायचे, ‘हिअरिंग इम्पेअर्ड’ नको. ऐकणाऱ्यांना जो शब्द सौम्य वाटतो तोच अनेकांना खटकत होता, कारण त्यात माणसाची ओळख बिघाडापासून सुरू होते. मराठीत परिस्थिती थोडी वेगळी आहे. ‘बहिरा’ हा शब्द इतकी वर्षं शिवीसारखा वापरला गेला आहे की तो परक्याच्या तोंडून आला तर बोचतो, आणि ‘कर्णबधिर’ हा शब्द शाळा-संस्थांमध्ये रुळला आहे. म्हणून या लेखात मी तोच वापरते आहे. पण ज्या माणसाची बातमी आहे त्याने स्वतःसाठी दुसरा शब्द सांगितला, तर त्याचा शब्द वापरायचा. विचारायला अर्धं मिनिट लागतं.

शेजारचीच आणखी एक सवय आहे. ‘बहिरं सरकार’, ‘प्रशासनाच्या बहिऱ्या कानी’. इथे बहिरेपणाचा अर्थ होतो ऐकू येत असूनही दुर्लक्ष करणं. कर्णबधिर माणूस याच्या अगदी उलट वागत असतो. ओठांच्या हालचाली, चेहरा, खोलीतल्या माणसांच्या नजरा यांवरून अर्थ जुळवण्यासाठी तो सतत लक्ष एकवटून असतो, आणि दिवसाच्या शेवटी त्याने तो थकूनही जातो. बेपर्वा सरकारला बेपर्वा म्हणावं.

हातवारे म्हणजे भाषा नव्हे, पण सांकेतिक भाषा म्हणजे हातवारेही नव्हेत

सगळ्यात खोल गैरसमज इथे आहे, म्हणून इथे जरा जास्त थांबू.

‘ती इशाऱ्यांनी बोलते’, ‘त्याने खाणाखुणांनी समजावलं’ असं लिहिलं जातं तेव्हा वाचकाच्या डोळ्यांसमोर काय येतं? भाषा न येणाऱ्या मुलखात पाणी मागण्यासाठी आपण तोंडाशी हात नेतो, ते. तेवढ्यावर तत्त्वज्ञान, कायदा किंवा गणित शिकवता येणार नाही. सांकेतिक भाषेत ते शिकवलं जातं. वॉशिंग्टनचं गॅलॉडेट विद्यापीठ दीडशेहून अधिक वर्षं कर्णबधिरांना उच्च शिक्षण देत आहे.

याच संस्थेत इंग्रजी शिकवणारे विल्यम स्टोकी यांनी १९६० साली एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी दाखवलं की अमेरिकी सांकेतिक भाषेतली प्रत्येक खूण ठरावीक घटकांत फोडता येते: हाताचा आकार, तो शरीराच्या कोणत्या जागी आहे, आणि तो कसा हलतो. यातला एक घटक बदलला की अर्थ बदलतो, जसा ‘काळ’ आणि ‘गाळ’ यांत एका ध्वनीने बदलतो. पुढच्या अभ्यासकांनी तळव्याची दिशा आणि चेहऱ्याचे भाग त्यात जोडले. सुरुवातीला स्टोकींना त्यांच्याच संस्थेत विरोध झाला. आज भाषाशास्त्रात हा वाद उरलेला नाही.

व्याकरण चेहऱ्यावरही असतं, आणि बातम्यांत नेमकं हेच चुकतं. अमेरिकी सांकेतिक भाषेत हो-नाही उत्तराचा प्रश्न विचारताना भुवया वर जातात, ‘कोण, कुठे, का’ विचारताना त्या खाली येतात. भुवई हलली नाही तर प्रश्नाचं साधं विधान होतं. गाल फुगवणं, ओठ आवळणं, मान तिरकी करणं यांनाही आपापलं काम असतं. समोरची रिकामी जागाही भाषेचा भाग आहे. उजवीकडे एका व्यक्तीला ‘ठेवलं’, डावीकडे दुसरीला, की मग ‘तिने त्याला दिलं’ हे क्रियापदाच्या खुणेची दिशा बदलून सांगता येतं. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नवाचक खूण वाक्याच्या शेवटी येते: ‘तू राहणे कुठे’ असा तिचा क्रम. तो ‘मोडकं मराठी’ समजून हसण्याजोगा नाही. ती दुसरी भाषा आहे आणि तिचा क्रम तिचा स्वतःचा आहे.

आता २०१२ सालच्या ऑक्टोबरकडे पाहा. सँडी वादळ न्यूयॉर्कवर चालून येत होतं. महापौर लोकांना सूचना देत होते आणि शेजारी एक दुभाषी त्या सांकेतिक भाषेत पोचवत होती. माणसांच्या जिवाशी गाठ असलेली ती माहिती होती. माध्यमांत गाजले ते तिचे ‘नाट्यमय हावभाव’, आणि टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात तिची नक्कल झाली. ज्याला हावभाव म्हटलं गेलं ते व्याकरण होतं. गंभीर बातम्या देणाऱ्या निवेदिकेच्या स्वरातल्या चढउतारांवर कुणी लेख लिहीत नाही.

‘सांकेतिक भाषा जगभर एकच असते’ हेही सारखं छापून येतं. जगात तीनशेहून अधिक सांकेतिक भाषा आहेत असं संयुक्त राष्ट्रांची माहिती सांगते. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे इंग्रजी बोलतात, पण तिथल्या सांकेतिक भाषा एकमेकींशी जुळत नाहीत. ब्रिटिश भाषेत अक्षरं दोन हातांनी दाखवतात, अमेरिकीत एका हाताने. अमेरिकी भाषेचं नातं फ्रेंच सांकेतिक भाषेशी आहे, कारण १८१७मध्ये हार्टफर्डला शाळा सुरू झाली तेव्हा पॅरिसहून आलेले लॉरां क्लेर हे कर्णबधिर शिक्षक तिथे शिकवत होते. ‘इंग्रजीची सांकेतिक आवृत्ती’ असा शब्दप्रयोग कुणी केला की ही सगळी वंशावळ पुसली जाते.

या भाषा कुणा सद्गृहस्थाने ‘शोधून काढल्या’ असंही लिहिलं जातं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९८०च्या दशकात निकाराग्वातल्या मनाग्वा शहरात कर्णबधिर मुलं पहिल्यांदाच मोठ्या संख्येने शाळांत एकत्र आली. शिक्षक त्यांना ओठ वाचायला आणि स्पॅनिश बोलायला शिकवत होते. मुलांनी मैदानात आणि बसमध्ये आपसांत घरगुती खुणांची देवाणघेवाण केली. पाठोपाठ आलेल्या लहानग्यांनी त्यातून नियमबद्ध व्याकरण घडवलं. भाषाशास्त्रज्ञांनी नवी भाषा जन्मताना पाहिली ती तिथे, आणि तिचे कर्ते होते शाळकरी पोरं.

मेंदूचा पुरावाही आहे. सांकेतिक भाषा वापरणाऱ्या माणसाच्या मेंदूच्या डाव्या भागातल्या भाषेच्या केंद्रांना इजा झाली, तर त्याची भाषा विस्कटते. तोच माणूस भाषेशी संबंध नसलेले साधे हावभाव मात्र पुष्कळदा नीट करू शकतो. मेंदू या दोन गोष्टी वेगळ्या ओळखतो, मग बातमीलाही त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

ही तुच्छता आली कुठून?

१८८० साली इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. वाणी खुणांपेक्षा निर्विवाद श्रेष्ठ आहे, म्हणून शिक्षण तोंडी पद्धतीनेच द्यावं, असे ठराव तिथे झाले. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्यानंतर अनेक देशांत वर्गातून सांकेतिक भाषा हद्दपार झाली आणि कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. खुणा केल्या म्हणून मुलांच्या हातांवर छड्या बसल्या, हात बांधले गेले. त्या काळातले तोंडी पद्धतीचे काही पुरस्कर्ते खुणांची तुलना उघडपणे माकडांशी करत. २०१०मध्ये व्हँकुव्हरला याच परिषदेच्या परंपरेतल्या अधिवेशनात मिलानचे ठराव फेटाळले गेले आणि झालेल्या हानीबद्दल खेद व्यक्त झाला. मधली १३० वर्षं कितीतरी पिढ्यांच्या शिक्षणाची होती.

म्हणून एखादा कर्णबधिर माणूस ‘माकडचेष्टा’ किंवा ‘हातवारे’ वाचून चिडतो तेव्हा त्याला हळवा म्हणू नये. त्याच्या आजोबांच्या हातांवर याच शब्दांच्या आधारे छड्या बसलेल्या असू शकतात.

खोटा दुभाषी आणि खरी बातमी

१० डिसेंबर २०१३. नेल्सन मंडेला यांची शोकसभा जोहान्सबर्गच्या स्टेडियममध्ये चालू होती, जग टीव्हीसमोर होतं. व्यासपीठावर एक माणूस वक्त्यांशेजारी उभा राहून अर्थहीन हात हलवत होता. दक्षिण आफ्रिकेच्या संसदेच्या कर्णबधिर सदस्य विल्मा न्यूहाउट-ड्रुकेन यांनी कार्यक्रम चालू असतानाच ट्विटरवर लिहिलं की याला सांकेतिक भाषा येत नाही, त्याला खाली उतरवा. कर्णबधिर प्रेक्षकांना हे पहिल्या काही क्षणांत कळलं होतं. पुढचे अनेक दिवस माध्यमांनी त्या माणसावर, त्याच्या मनःस्थितीवर आणि सुरक्षेतल्या ढिलाईवर मजकूर छापला, विनोदांचा पूर आला. देशाच्या सर्वांत मोठ्या निरोपाला तिथले कर्णबधिर नागरिक मुकले, ही बातमी त्या गदारोळात कोपऱ्यात गेली.

२०१७मध्ये इर्मा वादळाच्या वेळी फ्लॉरिडातल्या मॅनाटी काउंटीने तातडीच्या पत्रकार परिषदेत एका जीवरक्षकाला दुभाषी म्हणून उभं केलं, कारण त्याचा भाऊ कर्णबधिर होता आणि त्याला थोड्या खुणा येत होत्या. स्थलांतराच्या सूचनांऐवजी ‘पिझ्झा’ आणि ‘राक्षस’ अशा खुणा झाल्या. यावरही हसू पिकलं. मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही, कारण वादळ खरं होतं.

दुभाषी उत्तम असला तरी वेगळीच अडचण होते. समारंभातल्या दुभाष्याचा व्हिडिओ गाजतो, त्याच्या मुलाखती होतात, आणि ज्यांच्यासाठी तो उभा होता त्यांना कुणी विचारत नाही. कर्णबधिर कलावंत स्वतः मंचावर असतानाही हे घडतं. फेब्रुवारी २०२०मध्ये अमेरिकेतल्या सुपर बोल सामन्याआधी ख्रिस्टीन सन किम या कर्णबधिर कलाकार सांकेतिक भाषेत राष्ट्रगीत सादर करत होत्या. प्रक्षेपणाने त्यांना क्षणभर दाखवलं आणि कॅमेरा खेळाडूंकडे वळवला. गायिकेचा आवाज मध्येच बंद करून टाकावा, तसंच हे. त्यांनी नंतर वर्तमानपत्रात आपली निराशा स्पष्ट शब्दांत मांडली.

टीव्हीच्या चौकटीत रोज हेच थोड्या प्रमाणात घडतं. दुभाष्याचा चौकोन इतका लहान की बोटं दिसत नाहीत, कोपर कापलेलं, खालची धावती पट्टी हातांवरून जाते. करोनाच्या काळात हा प्रश्न न्यायालयांत गेला. सप्टेंबर २०२०मध्ये अमेरिकेच्या एका संघीय न्यायालयाने व्हाइट हाउसच्या करोनाविषयक पत्रकार परिषदांत दुभाषी दाखवण्याचा आदेश दिला. जुलै २०२१मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने सरकारच्या दोन माहिती-सत्रांत दुभाषी नसणं हा भेदभाव ठरवला.

‘आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं!’

एक बाळ किंवा एक तरुणी, कानाजवळ यंत्र सुरू होतं, डोळ्यांत पाणी येतं. हे व्हिडिओ कोट्यवधी लोक पाहतात आणि बातमी म्हणते, ‘चमत्कार, आता ती आपल्यासारखी ऐकू शकते.’

कॉक्लिअर इम्प्लांट काय करतं ते पाहू. कानामागचा मायक्रोफोन आवाज टिपतो, प्रोसेसर त्याचं संकेतांत रूपांतर करतो, आणि शस्त्रक्रियेने आतल्या कानाच्या शंखात बसवलेली विद्युत-अग्रं श्रवणचेतेला थेट चेतना देतात. नैसर्गिक श्रवण यातून परत येत नाही. सुरुवातीला अनेकांना शिट्यांसारखे, यंत्रासारखे आवाज येतात. त्यांना अर्थ लावायला मेंदूला महिने, कधी वर्षं लागतात. काहींना फार चांगला उपयोग होतो, काहींना मर्यादित. यंत्र काढून ठेवलं की माणूस कर्णबधिरच असतो. शिवाय व्हिडिओतलं यंत्र पुष्कळदा इम्प्लांट नसून साधं श्रवणयंत्र असतं, आणि तिला आधी थोडं ऐकू येत असतं.

मी या तंत्राच्या विरोधात नाही. घ्यायचं की नाही हा त्या माणसाचा आणि मुलाच्या बाबतीत पालकांचा निर्णय. माझं भांडण तीस सेकंदांवर थांबणाऱ्या बातमीशी आहे, कारण ती बातमी पालक वाचतात. अमेरिकेतल्या पाहण्यांनुसार कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. त्या पालकांना आयुष्यात भेटलेलं पहिलं कर्णबधिर माणूस म्हणजे त्यांचंच बाळ. यंत्र लावलं की सगळं सुटेल असं बातमीने सांगितलं, तर ते सांकेतिक भाषा शिकायचं टाळतात. मुलाचा मेंदू भाषा आत्मसात करण्यात सर्वांत तरबेज असतो ती पहिली चार-पाच वर्षं वाट पाहण्यात जातात. यंत्राचा अपेक्षित उपयोग झाला नाही तर मूल कोणतीच भाषा पक्की नसताना शाळेत पोचतं, आणि ती भरपाई पुढे फार अवघड असते. सांकेतिक भाषा सोबत असेल तर हा धोका बराच कमी होतो. शीर्षकातला ‘चमत्कार’ हा शब्द कुणाच्या तरी घरी जाऊन निर्णय बदलतो.

‘शांततेच्या जगातून बाहेर’ हा अशा बातम्यांचा ठरलेला शेवट असतो. पुष्कळ कर्णबधिरांना काही आवाज ऐकू येतात, अनेकांच्या कानांत सतत गुणगुण असते, ढोलाचा ठोका जमिनीतून अंगात येतो. शांत जग ही ऐकणाऱ्यांची कल्पना आहे.

मात कशावर?

जुलै २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांतल्या अपंगत्वाच्या चित्रणाबद्दलच्या एका खटल्यात मार्गदर्शक तत्त्वं सांगितली. ‘ग्रस्त’, ‘पीडित’, ‘बळी’ अशा अर्थाची भाषा टाळावी, कारण ती सगळा प्रश्न माणसाच्या शरीरात नेऊन ठेवते आणि समाजाने उभे केलेले अडथळे झाकते, असं त्यात म्हटलं आहे. दया दाखवणारी भाषा का चुकते याचं इतकं नेमकं स्पष्टीकरण मी क्वचितच वाचलं आहे.

त्याच न्यायालयातलं एक उदाहरण घेऊ. सप्टेंबर २०२३मध्ये वकील सारा सनी यांनी सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासह सर्वोच्च न्यायालयात ऑनलाइन बाजू मांडली. ‘कर्णबधिरतेवर मात’ हे शीर्षक इथे अगदी सहज सुचेल. पण त्या दिवशी त्यांच्या कानांत काहीच बदललं नव्हतं. कायद्याचं शिक्षण त्यांनी आधीच पूर्ण केलं होतं. नवीन होतं ते एवढंच, की दुभाष्याला पडद्यावर जागा मिळाली. अडथळा न्यायालयाच्या व्यवस्थेत होता आणि तो तिथे दूर झाला. बातमी त्या व्यवस्थेची होती.

मुलाखत घेतानाच्या काही गोष्टी पटकन सांगते. प्रश्न विचारताना दुभाष्याकडे न पाहता समोरच्या माणसाकडे पाहावं. ‘त्यांना विचारा की…’ अशी सुरुवात नको. अवतरण त्या माणसाच्या नावावर छापावं, दुभाष्याच्या नव्हे. आणि दुभाष्याचं मराठी अडखळलं तर ते अडखळणं मुलाखत देणाऱ्याच्या माथी मारू नये.

याहून मोठा फरक पडतो तो बातमी लिहिणाऱ्यांत कर्णबधिर माणसं असली की. बीबीसीवर १९८१पासून कर्णबधिरांसाठीचा कार्यक्रम चालत आला आणि त्यात कर्णबधिर निवेदकही होते. असा बातमीदार दहावीत पहिल्या आलेल्या कर्णबधिर मुलीकडे गेला, तर ‘तिने परिस्थितीला हरवलं’ या वाक्यावर तो थांबणार नाही. तो मुख्याध्यापकांना विचारेल की शाळेतल्या किती शिक्षकांना तिची भाषा येते, आणि बाकीच्या तासांना ती वर्गात बसून काय करत होती.